स्टॉल क्रमांक तोच, माणूसही तोच

भारत स्वतंत्र होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. १८ ऑगस्ट १९४७ या दिवशी जर्मनीत हॅनोव्हर शहराच्या वेशीवर, लात्झन गावातल्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये एक प्रदर्शन उघडलं. युद्धाच्या काळात विमानांसाठी लागणारा हलका धातू इथे तयार होत असे. हॅनोव्हरचा मध्यभाग बॉम्बवर्षावात जवळजवळ भुईसपाट झाला होता. धान्य रेशनवर होतं आणि पैशाला किंमत उरलेली नव्हती. अशा ठिकाणी जगभरच्या व्यापाऱ्यांना बोलवायचं हा ब्रिटिश लष्करी प्रशासनाचा आग्रह होता. जर्मनीतलं शेकडो वर्षांचं जुनं व्यापारपीठ लाइपझिग रशियाच्या ताब्यातल्या भागात गेलं होतं आणि पश्चिमेकडच्या कारखान्यांना माल विकायला दुसरी जागा हवी होती.

स्थानिक मंडळींना हा खुळेपणा वाटला होता. पण तीन आठवड्यांत सात लाख छत्तीस हजार माणसं येऊन गेली. तेराशेच्या आसपास कारखानदारांनी आपला माल मांडला, ५३ देशांतले खरेदीदार आले आणि तीन कोटी सोळा लाख डॉलरचे करार झाले. सामान्य हॅनोव्हरकरांच्या मात्र दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. प्रदर्शनात माशाचे तुकडे घातलेला पाव रेशनच्या कुपनाशिवाय मिळत होता! त्या पहिल्या प्रदर्शनाला लोक अजून त्या पावाच्याच नावानं ओळखतात.

एवढ्या माणसांना झोपायला जागा कुठे होती? हॉटेलं ढिगाऱ्याखाली. मग शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या गृहिणींनी आपल्या घरातल्या खोल्या दिल्या. पुढे हॉटेलं उभी राहिली तरी ही प्रथा चालूच राहिली. एप्रिल आला की घरची माणसं तळघरात नाहीतर स्वयंपाकघरात पथाऱ्या टाकत आणि झोपायची खोली पाहुण्याला मिळे. सकाळी अंडी, पाव, कॉफी आणि संध्याकाळी 'आज धंदा कसा झाला' ही चौकशी. तोच पाहुणा, तीच खोली, दर वर्षी. काही घरांत पाहुण्याच्या पाठोपाठ त्याचा मुलगा येऊ लागला. या बायकांना हॅनोव्हरमध्ये 'मेस्से-मुट्टी' म्हणजे प्रदर्शनाच्या आया म्हणतात. व्यापारातल्या नात्यांविषयी जाड ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या बायकांकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं होतं, कारण एकदाच येणारा पाहुणा आणि दर वर्षी येणारा पाहुणा यांतला फरक त्यांना सगळ्यांत आधी कळला.

हॅनोव्हरचं ते प्रदर्शन आज जगातल्या सर्वांत मोठ्या औद्योगिक प्रदर्शनांपैकी एक आहे. २००६ मध्ये भारत तिथला भागीदार देश होता. २०१५ मध्ये पुन्हा तो मान मिळाला तेव्हा नरेंद्र मोदी आणि आंगेला मेर्केल यांनी मिळून उद्घाटन केलं आणि 'मेक इन इंडिया'चा सिंह शहरभर झळकला. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली इथल्या मराठी कारखानदारांनाही हा रस्ता आता अनोळखी राहिलेला नाही. ओतकाम करणारे कोल्हापूरकर ड्यूसेलडॉर्फला 'गिफा'ला जातात, जे चार वर्षांतून एकदाच भरतं. मशिन टूलवाल्यांचं 'एमो', शेतीच्या अवजारांचं 'अॅग्रिटेक्निका' ही हॅनोव्हरची, बांधकाम यंत्रांचं 'बाउमा' म्युनिकचं, रसायन उद्योगाचं 'आखेमा' फ्रँकफुर्टचं. ज्याचा जो धंदा, त्याचं एक जर्मन गाव ठरलेलं.

आता प्रश्न असा, की ड्रॉइंग ईमेलवर जातं, दर व्हॉट्सअॅपवर ठरतो आणि कारखाना व्हिडिओवर दाखवता येतो. मग लाखो रुपये खर्चून तीन बाय तीन मीटरच्या खोक्यात चार-पाच दिवस उभं कशाला राहायचं?

हाराल्ड बाटेल्ट आणि नीना शूल्ट या आर्थिक भूगोलाच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये फ्रँकफुर्टच्या दोन प्रदर्शनांत हाच प्रश्न विचारला. एक प्रदर्शन दिव्यांचं होतं आणि दुसरं मांसप्रक्रिया उद्योगाचं. बऱ्याच मुलाखती झाल्या. त्यांना असं दिसलं की लोक करार करायला तिथे फारसे येत नाहीत. ते जुन्या गिऱ्हाइकांना भेटायला येतात, स्पर्धकानं काय नवं मांडलंय ते पाहायला येतात आणि हवा कुठल्या दिशेची आहे ते हुंगायला येतात. काही दिवसांसाठी जगभरचा एक उद्योग एकाच छपराखाली येतो आणि पांगतो. अशा गर्दीत नुसतं वावरल्यानंही बरंच काही कळतं, जे पत्रव्यवहारातून कळत नाही.

पहिल्यांदा जाणारे आपल्याकडचे उद्योजक मात्र ऑर्डर घेऊन परतायच्या हिशेबानं निघतात. पिशवीभर व्हिजिटिंग कार्डं न्यायची, पिशवीभर आणायची. स्टॉलसमोरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ब्रोशर कोंबायचं. जर्मन खरेदीदाराला याचा त्रास होतो. त्यानं महिनाभर आधी वेळा ठरवलेल्या असतात, प्रत्येक भेटीला वीस-पंचवीस मिनिटं. ज्याचं नाव त्याच्या यादीत नाही, त्याला तो फार तर दोन मिनिटं देतो. त्या दोन मिनिटांत त्याला कंपनीचा इतिहास नको असतो. कुठला धातू, किती वजनापर्यंतचा जॉब, कितीचा टॉलरन्स आणि सध्या कुणासाठी करता, एवढंच त्याला हवं असतं. हे चार आकडे तोंडपाठ नसलेला मालक आणि सोबत आणलेला, आकडे ठाऊक असलेला पण बोलायची परवानगी नसलेला प्रॉडक्शन मॅनेजर, ही आपल्या स्टॉलवरची नेहमीची जोडी.

पहिल्या वर्षी बहुधा काहीच होत नाही. दुसऱ्या वर्षी तोच खरेदीदार दुरून मान हलवतो. तिसऱ्या वर्षी थांबतो, कारण तीन वर्षांत हा पुरवठादार बुडालेला नाही, पळालेला नाही आणि उभा राहणारा माणूसही बदललेला नाही, एवढी माहिती त्याला फुकटात मिळालेली असते. अनुभवी प्रदर्शक म्हणूनच पुढच्या वर्षीसाठी हॉल आणि स्टॉल क्रमांक तोच मागतात. पंढरीला एकदा जाऊन येणं आणि वारी असणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे.

या हिशेबात न बसणारा एक प्रकार म्हणजे शिष्टमंडळ. पंचवीस-तीस जण, एकसारखे ब्लेझर, फीत कापणं, शाल, पुष्पगुच्छ, गटाचा फोटो, दोन तासांची फेरी आणि मग स्वित्झर्लंड. त्याचा सगळ्यांत मोठा फायदा प्रवासी कंपनीला होतो, हे स्पष्टच म्हटलेलं बरं.

*

माणसं भेटली तरी ती एकमेकांना समजतातच असं नाही. खरेदीदार विचारतो, "पहिले नमुने आठ आठवड्यांत मिळतील?" आपला माणूस म्हणतो, "हो, होऊन जाईल." त्याच्या मनात असतं की माणूस दारात आलाय, त्याला नाही कसं म्हणायचं, प्रयत्न तर करूच. समोरचा मात्र वहीत तारीख लिहितो. नवव्या आठवड्यात एक छोटी, कोरडी ईमेल येते आणि तिच्यावर घाईघाईनं चार सबबींचं उत्तर जातं. उशीर झाला म्हणून नातं तुटत नाही. चौथ्या आठवड्यातच उशीर दिसत होता आणि तरी कळवला नाही, म्हणून तुटतं.

उलट बाजूनंही असंच होतं. नमुना हातात घेऊन जर्मन इंजिनिअर मालकाच्या तोंडावर म्हणतो, हे फिनिशिंग खराब आहे, असं चालणार नाही. चार लोकांत असं बोलला म्हणून आपला कारखानदार रात्रभर अस्वस्थ असतो. आणि तो इंजिनिअर? त्यानं दोष दाखवला म्हणजे त्याला या नमुन्यात रस आहे. रस नसता तर 'फार छान' म्हणून त्यानं नमुना परत केला असता. ही गोष्ट पहिल्याच फेरीत कुणी सांगितली तर पुष्कळ झोप वाचेल.

भेटवस्तूंचं प्रकरण अलीकडे नाजूक झालं आहे. २००८ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात सीमेन्सला अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १६० कोटी डॉलर मोजावे लागले. त्यानंतर जर्मन कंपन्यांत नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली. ठराविक रकमेच्या वरची भेट स्वीकारता येत नाही, स्वीकारलीच तर नोंदवावी लागते. दिवाळीत प्रेमानं धाडलेली चांदीची गणेशमूर्ती पलीकडच्या माणसाला अडचणीत टाकते आणि बिचारा ती कार्यालयाच्या कपाटात ठेवून देतो. चिवड्याचा डबा मात्र बिनघोर चालतो आणि संपतोही.

जेवणाची गोष्ट वेगळी. हॅनोव्हरच्या आसपासचा नीडरझाक्सन प्रांत पांढऱ्या शतावरीच्या पिकात जर्मनीत पहिला आहे आणि तिचा हंगाम एप्रिलमध्ये, ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर सुरू होतो. मातीखाली वाढवलेले ते जाड कोंब उकडून बटाट्याबरोबर खायला जर्मन माणूस वर्षभर वाट पाहतो. शाकाहारी पाहुण्याला काय वाढायचं हा यजमानाचा प्रश्न त्यामुळे त्या दिवसांत आपोआप सुटतो. फक्त वरच्या पिवळ्या सॉसमध्ये अंडं असतं, तेवढं आधी सांगावं. संध्याकाळी स्टॉलवरचे दिवे मंद होतात, बिअर निघते आणि दिवसभर 'हेर' आणि आडनाव लावून बोलणारी माणसं सैल होतात. एकाच हाताच्या बोटांत बिअरचा छोटा ग्लास आणि त्यावर मद्याचा इवलासा पेला धरून दोन्ही एका धारेत प्यायचे, ही 'ल्युट्ये लागे' नावाची खास हॅनोव्हरची कसरत परक्यांना शिकवताना शर्ट भिजतात आणि हसं होतं. न पिणाऱ्याला कुणी आग्रह करत नाही. सफरचंदाचा रस सोड्यात घालून तो त्याच टेबलावर बसतो. साडेसहाला हॉटेलवर परतणारा माणूस मात्र ज्यासाठी आला होता ते सोडून जातो, कारण पलीकडच्या कंपनीतला खरेदी विभाग बदलतोय किंवा त्यांचा जुना पुरवठादार अडचणीत आहे, असल्या गोष्टी सकाळी अकराच्या भेटीत कुणी बोलत नाही.

*

पुण्याला या सगळ्यात आधीपासूनच थोडी आघाडी मिळाली. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्स १९५६ मध्ये मुंबईत सुरू झालं. दोन वर्षांत, १९५८ साली, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या नवलमल फिरोदियांनी हाम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून बजाज टेम्पो उभी केली. टेम्पोची 'हान्सिआट' ही तीनचाकी जर्मनीत तोवर बंद झाली होती. इथल्या रस्त्यांवर ती पुढे कित्येक दशकं धावली. हाम्बुर्गची मूळ कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, तरी नात्याचा धागा मर्सिडीजच्या इंजिनापर्यंत पोहोचला. फोर्स मोटर्स हे नवं नाव घेतलेली हीच कंपनी आज चाकणला मर्सिडीजसाठी आणि चेन्नईत बीएमडब्ल्यूसाठी इंजिनं जोडते. २००३-०४ मध्ये बाबा कल्याणींच्या भारत फोर्जनं एनेपेटालची, दिवाळखोरीत निघालेली कार्ल डान पेडिंगहाउस ही फोर्जिंग कंपनी विकत घेतली, तेव्हा पुण्याच्या माणसांना जर्मन कामगारांचे मालक म्हणून त्यांच्याशी बोलायला शिकावं लागलं. ही तर नेहमीच्या पुरवठादारापेक्षा अगदीच वेगळी परीक्षा.

मोठ्या नावांखाली दिसत नाही ते दुभाष्यांचं काम. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आणि मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकलेल्या पुणेकर मुलामुलींच्या पिढ्याच्या पिढ्या कारखान्यांत गेल्या. त्यातल्या अनेकींनी तांत्रिक पुस्तिका भाषांतरित केल्या, स्टॉलवर उभं राहून दोन्ही बाजू सावरल्या, आणि मालक जे बोलला त्यातलं कितपत जसंच्या तसं पोहोचवायचं याचा निर्णय सेकंदात घेतला. औंध रस्त्यावर ब्रेमेन चौक आहे. ब्रेमेन आणि पुणे यांची मैत्री १९८० च्या सुमारास जुळली, ती नागरिकांच्या पुढाकारानं आणि व्यापाराच्या आधी. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासूनची जोडशहरं. अशा करारांतून लगेच कुणाला ऑर्डर मिळत नाही. पण परक्या गावात ओळख सांगायला एक जागा तयार होते.

*

यंत्रांपेक्षा अवघड परीक्षा नाशिकच्या द्राक्षांनी दिली. लोखंडाचा जॉब चुकला तर परत करता येतो. द्राक्षं वाट पाहत नाहीत.

बर्लिनला 'फ्रूट लॉजिस्टिका' हे ताज्या फळं-भाज्यांचं प्रदर्शन दर वर्षी फेब्रुवारीत भरतं. अडीच हजारांहून अधिक प्रदर्शक, ऐंशी-नव्वद देश आणि फक्त तीन दिवस. नाशिककराच्या दृष्टीनं ही वेळ फार गैरसोयीची आणि तितकीच सोयीची. दिंडोरी, निफाडच्या बागांत त्याच दिवसांत काढणी चालू असते. पॅकहाऊसमध्ये रात्रपाळ्या, न्हावाशेव्याला कंटेनरची रांग. मालक बर्लिनला आणि माल समुद्रात. ज्या सुपरमार्केटला तो माल जायचा आहे, तिथला खरेदीदार मात्र समोर बसलेला असतो. रॉटरडॅमला उघडलेल्या पहिल्या कंटेनरचे फोटो त्याच्या फोनवर आधीच आलेले असतात. देठ हिरवे आहेत का, मण्यांची फुगवण कशी आहे, पनेटमध्ये, म्हणजे छोट्या डब्यात, पाणी सुटलंय का, यावर बोलणं होतं. पुढच्या हंगामाचा करार त्या बोलण्यातून निघतो.

१९९१ मध्ये महाग्रेप्सनं शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था एकत्र करून युरोपचा रस्ता धरला. सुरुवातीची वर्षं शिकण्यातच गेली: माल गार कसा करायचा, प्रतवारी कशी लावायची. २०१० साली मात्र घाव बसला. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांचं 'सीसीसी', त्याचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त सापडले. इथल्या तपासणीतून निर्धोक ठरून निघालेला माल तिथल्या बंदरांत अडकला. कंटेनर नाकारले गेले आणि शेकडो बागाईतदार कर्जात गेले. तपासायच्या रसायनांच्या यादीत हे का नव्हतं आणि कुणी कुणाला कळवायला हवं होतं, यावर दोन्हीकडे बरीच तणतण झाली.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत बर्लिनला जाऊन उभं राहणं सोपं नव्हतं. जे गेले, त्यांनी फाइल नेली. कुठल्या गटातल्या कुठल्या बागेवर, कुठल्या तारखेला काय फवारलं आणि तपासणीत काय निघालं, हे सगळं बागेपर्यंत मागे शोधता येईल अशी. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी आणि अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची 'ग्रेपनेट' ही नोंदणीपद्धत त्यापुढे अधिक काटेकोर झाली. खरेदीदारांना वास्तविक दोन गोष्टी हव्या होत्या: चूक कुठे झाली ते न लपवता सांगणारा माणूस आणि पुढच्या वर्षी तोच माणूस. 'नाही, या बागेचा माल युरोपला देता येणार नाही' असं गिऱ्हाइकाला आपणहून कळवणं मराठी शेतकऱ्यानं या काळात शिकून घेतलं. वर सांगितलेल्या आठ आठवड्यांच्या नमुन्यांची गाठ इथेच सुटते.

त्याच सुमारास विलास शिंदे यांच्या पुढाकारानं नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीला सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली आणि द्राक्ष निर्यातीत देशात पुढे गेली. २०२२ मध्ये बेल्जियमच्या इन्कोफिन आणि कोरिस, नेदरलँड्सच्या एफएमओ आणि फ्रान्सच्या प्रोपार्को या संस्थांनी मिळून तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. ज्या युरोपनं बारा वर्षांपूर्वी नाशिकचे कंटेनर परत पाठवले, तिथूनच हे भांडवल आलं. एका प्रदर्शनातल्या एका भेटीत असं काही घडत नाही, आणि तसं सांगणाऱ्या यशोगाथांवर विश्वास ठेवू नये. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा माल पोहोचायला दहा-बारा दिवस जास्त लागू लागले. देठ सुकले, भाडी वाढली आणि हा भार कुणी किती उचलायचा हा प्रश्न आला. करारात याचं उत्तर नसतं. अशा वेळी समोरच्याला फोन करून बोलता येण्याइतकी ओळख आहे की नाही, एवढंच उरतं.

*

आपल्याकडे भेटीगाठींची वाण नाही. पुण्याची मराठा चेंबर १९३४ पासूनची, माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांना एकमेकांच्या दारात नेतो, आणि बंगळूरूचं मशिन टूलचं प्रदर्शन 'इमटेक्स' तर घरचंच झालं आहे. पण या बैठकांत बहुतेक वेळा आपलीच माणसं आपल्याच भाषेत भेटतात. परक्या माणसापुढे उभं राहण्याचा सराव तिथे होत नाही, आणि तो व्हावा अशी सोयही फारशी कुणी करत नाही.

सरकारी योजनांतून लहान उद्योजकाला परदेशी प्रदर्शनातल्या स्टॉलच्या भाड्याचा आणि विमान तिकिटाचा काही भाग मिळतो. इंजिनिअरिंग निर्यातदारांची परिषद भारतीय दालनही मांडते. हे चांगलंच आहे. पण खरा खर्च परतल्यावर सुरू होतो: नमुने करणं, पाठवणं, गिऱ्हाइकाचं ऑडिट, जर्मन जाणणारा एक माणूस पगारावर ठेवणं आणि पुढल्या वर्षी पुन्हा जाणं. चेंबर, औद्योगिक वसाहतींच्या संघटना आणि द्राक्ष बागाईतदार संघ यांनी सामाईक दुभाषा, सामाईक नमुना-निधी आणि तीन वर्षांसाठी एकच ठरलेला स्टॉल एवढं केलं, तरी पन्नास जणांचं शिष्टमंडळ नेण्यापेक्षा ते अधिक पदरात पाडेल. ड्यूसेलडॉर्फचं पुढचं 'गिफा' जून २०२७ मध्ये आहे. कोल्हापूर, सांगली, पुण्यातल्या ज्यांना तिथे उभं राहायचं आहे, त्यांनी जागेची नोंदणी बरीच आधी करावी, आणि ज्यांना भेटायचं आहे त्यांना निदान दोन महिने आधी पत्र टाकावं, वेळ मागून.